मिरचीच्या दिवसांतलं वाचन

लालबागच्या गल्लीत मिरची भाजायला घेतली की माणसं शिंकतात, खोकतात, नाकाला पदर लावतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. माझ्या पोटात मात्र गोळा येतो. हे गेल्या वर्षापासूनचं. त्याआधी अख्खा जन्म ह्याच वासात काढला, कधी काही वाटलं नाही. वास आला की समजायचं, होळी जवळ आली, हाताला काम आलं. आज सकाळी गॅलरीत आले, खालून तो खमंग, घशाला खरवडणारा वास वर आला, आणि मी कठडा घट्ट धरून उभी राहिले. सून म्हणाली, "आई, चक्कर येते का?" म्हटलं, "नाही गो, सीझन सुरू झाला." तिला वाटलं मी खूश आहे.

सीझन म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल म्हणून सांगते. वर्षाचा मसाला करायचे हे दिवस. डोंबिवली, विरार, पनवेल, कुठून कुठून बाया येतात. ज्यांचे आईबाप इथल्या चाळीत होते आणि आता ज्या लांब राहायला गेल्या, त्याही मसाल्याला इथेच येतात. ढिगातली मिरची उचलायची, मोडायची, वास घ्यायचा, दुकानदाराशी भांडायचं, मग ती भाजून डंकावर कुटून घ्यायची. डंक म्हणजे कुटायचं मशीन. लोखंडी मुसळं वरखाली होतात, दिवसभर धप धप धप. त्या आवाजात आमच्याकडची तान्ही मुलं झोपतात आणि तो थांबला की जागी होतात. आणि कुटायच्या आधी मिरचीचे देठ काढावे लागतात, ते आम्ही बाया काढतो. गोणी घरी आणायची, गॅलरीत फडकं पसरायचं आणि पाय लांब करून बसायचं. हात जळतात, त्यांना खोबरेल चोळायचं. ते हात डोळ्याला लावायचे नाहीत, हे आम्ही पोरींना बोलायला शिकवायच्या आधी शिकवतो.

डोळ्यांचं म्हणाल तर गेल्या वर्षी माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सगळं जग वाफ धरलेल्या काचेतून बघितल्यासारखं. माणूस आला ते कळायचं, कोण आला ते आवाजावरून. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. मी म्हटलं, सीझन होऊ दे. खरं सांगायचं तर घाबरले होते. आणि देठ काढायला डोळे लागतात कशाला? बेडगी हाताला सुरकुतलेली लागते, गुंटूर गुळगुळीत, संकेश्वरी लांब आणि पातळ. मी कानांवर आणि बोटांवर जगत होते, आणि मला वाटत होतं, चांगलं चाललंय.

चाळीच्या समोरच महापालिकेची मराठी शाळा. मध्ये गल्लीच काय ती. पंखा बंद असला की वर्गातली हजेरी माझ्या गॅलरीत ऐकू येते. माझा महेश त्या शाळेत होता तेव्हा हजेरी म्हणजे गावची जत्रा वाटायची. सावंत, परब, राणे, तावडे, घाडीगावकर. बाईंनी नाव घेतलं की कुठल्या वाडीतलं पोर ते मला कळायचं. मग एकेक नाव गळायला लागलं. कोण बदलापूरला गेलं, कुणी पोराला इंग्लिश मिडियमला घातलं. चाळी पडल्या, तिथे टॉवर आले, टॉवरमधली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून कुठे जातात देव जाणे. शाळेच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद झाल्या. एक वर्ष तर असं आलं की हजेरी सुरू झाली म्हणेपर्यंत संपायची.

मग नवी नावं आली. यादव, राठोड, शेख, प्रजापती, नायडू. मराठी शाळेत मराठी बोलणाऱ्या घरातली पोरं आता बोटांवर मोजावी एवढी, त्यात आमची नात सई. ज्यांच्या आयांना मराठीत भाजीचा भाव विचारता येत नाही, त्यांच्या पोरांनी ती शाळा उघडी ठेवली. का, तर शाळा दारात आहे, बाई जीव लावतात, दुपारी खिचडी मिळते. आमच्यातले लोक नाकं मुरडतात. "काय ती शाळा राहिली? सगळी बाहेरची भरलीत." मी म्हणते, तुमची होती ती तुम्ही नेलीत, मग वर्ग काय भिंतींनी भरायचा? आणि आमच्या गल्लीत राहून हे बोलायचं? गुंटूर आंध्रातून येते, बेडगी कर्नाटकातून, आणि डब्यावर नाव लागतं मालवणी मसाला. मिरचीला विचारलंत का कधी, तू कुठली म्हणून?

रोशनी ही रामदुलारची पोर. रामदुलार आमच्या गल्लीत भट्टीवर मिरची भाजतो. जौनपूरकडचा माणूस, तोंडाला गमछा बांधून दिवसभर त्या धुरात उभा. रोशनी पहिलीत आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सईने तिला हाताला धरून आमच्याकडे आणली, "आजी, ही माझी मैत्रीण, हिला काही कळत नाही," अशी ओळख करून दिली. आता तिला सगळं कळतं. सगळं म्हणजे जरा जास्तच. एकदा तिच्या वर्गाच्या बाई खालून ओरडल्या, "काकी, रोशनीने निबंधात 'माका आंबो आवडता' लिहिलंय, हे कुणाचं काम?" मी म्हटलं, "बाई, आंबो आवडता हे खोटं आहे काय?" बाई हसल्या. रोशनी वर्गात मराठी बोलते, घरी भोजपुरी, आणि माझ्याकडे मालवणी. माझ्या सईला मालवणी येत नाही, रोशनीला येते. महेश म्हणतो, आई, तू तिला दत्तक घे.

संध्याकाळी ह्या दोघी आणि अजून चार-पाच पोरं माझ्या गॅलरीत येऊन बसायची. मी देठ काढायची, ती पुस्तक वाचायची. माझी शाळा म्हणाल तर झालीच नाही. शाळेची पायरी मी चढले ती महेशचं नाव घालायला. वाचायला शिकले पुडीच्या कागदावरून. जिऱ्याची, हळदीची पुडी सोडली की कागद टाकायचा नाही, मांडीवर सपाट करायचा आणि अक्षराला अक्षर लावत बसायचं. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणी वाचत असलं की मला देवळात बसल्यासारखं वाटतं. पोरं एका सुरात वाचायची, आमच्याकडे भजनाला बसतात तशी. एक जण उचलणार, बाकीची मागून येणार. काय तो वेग, काय ते उच्चार! व्यंकटेश नायडू, आंध्रातला पोरगा, त्याचा 'ळ' तर आमच्या महेशपेक्षा चांगला. मी शेजारी देठ काढणाऱ्या बायांना सांगायची, ऐका, ऐका, बाहेरची पोरं मराठी कशी वाचतात बघा.

गेल्या वर्षी मिरचीचा सीझन सुरू झाला होता तेव्हाच बाई एका संध्याकाळी वर आल्या. मी पाणी दिलं. त्यांनी भांडं हातात धरून ठेवलं, प्यायल्या नाहीत.

"काकी, तपासणी आहे. तिसरी-चौथीची मुलं वाचतात का ते बघायला वरून येणार आहेत. आपला पट कमीच आहे. त्यात वाचन कच्चं निघालं तर आपली शाळा बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळतील, असं बोलतायत."

मोठा रस्ता म्हणजे पुलाखालचा. तिथे मोठं माणूस पदर सावरत पळतं, तिथे सात-आठ वर्षांची पोरं कशी जाणार?

मी खाली जाऊन रामदुलारला विचारलं. त्याने गमछा खाली केला. "काकी, उधर छोडने कौन जाएगा? मैं भट्टी पे, इसकी माँ घर-घर बर्तन करती है. स्कूल बंद हुआ तो गाँव भेज दूँगा, दादी के पास."

"आणि तिकडे शाळा?"

तो भट्टीकडे वळला. "लडकी है काकी. जितना हुआ, हुआ."

रागाने नव्हता बोलला. वाईट वाटून, पण ठरवून बोलला. मी वर आले. जिना चढताना पाय हलके लागत होते, तुम्हाला कधी झालंय का असं, भीतीने पाय जड नाही होत, हलके होतात, जिन्यावर टेकतच नाहीत. पण मी स्वतःला म्हटलं, अगो, घाबरतेस कशाला? पोरं तर फडाफडा वाचतात. तू कानांनी ऐकतेस ना रोज?

मग ती संध्याकाळ आली. दिवेलागणीची वेळ, गॅलरीतला बल्ब लावलेला. पोरं वाचत होती, माझं फडकं अर्धं संपलेलं. आणि लाईट गेली. मला माझ्या डोळ्यांनी काय कळणार, पण खाली "गेली रे!" असा ओरडा झाला, डंक थांबले, पंखे थांबले, कुणाचा तरी टीव्ही गाण्याच्या मध्येच तुटला. गल्ली अशी शांत झाली की समोरच्या चाळीत कुणी चमचा ठेवला तोही ऐकू आला.

आणि पोरांचं वाचन चालूच होतं.

त्याच वेगात, त्याच सुरात. एक ओळ, दुसरी ओळ, स्वल्पविरामाला थांबून, प्रश्नचिन्हाला सूर वर नेऊन. मला आधी कौतुकच वाटलं, बघा, लाईट गेली तरी. मग माझ्या हातातली मिरची तशीच राहिली. मी विचारलं, "सये, काळोख आहे ना गो?"

"हो आजी, काहीच दिसत नाही."

"मग वाचता कशी?"

"येतं ना आम्हाला," सई म्हणाली. आणि मागून रोशनी, मोठ्या अभिमानाने, "काकी, आमका पुस्तक लागत नाय!"

तुम्हाला सांगते, भूत बघितलं तरी मी एवढी घाबरले नसते. अंधारात ती लहान लहान तोंडं, एकही दिसत नाही, आणि त्यातून तो सबंध धडा येतोय. मला वाटलं, आपण एवढे दिवस काय ऐकत होतो? लाईट आल्यावर मी रोशनीला म्हटलं, "शेवटचा शब्द वाच. मग त्याच्या मागचा. उलटी ये." ती पुस्तकात वाकली असणार, तिच्या केसांच्या तेलाचा वास मला जवळ आला. मग तिने ओळ पहिल्यापासून भराभर म्हटली आणि शेवटच्या शब्दावर आली. मी म्हटलं, "तसं नाही गो." ती पुन्हा सुरुवातीला गेली. तिसऱ्यांदा तिचा आवाज कापला, आणि मी म्हटलं, जाऊ दे, घरी जा आता, आई वाट बघत असेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंना गाठलं. मला वाटलं होतं त्या दचकतील. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे काकी."

"माहीत आहे?"

"सगळी नाहीत तशी. सई वाचते, थोडी अडखळते. व्यंकटेश जोडाक्षराला अडतो. पण रोशनीला अक्षरं सुटी येतात, शब्द झाला की ती पाठांतराला पळते. ह्या मुलांच्या कानात मराठी आली हेच केवढं आहे! घरी कुणी एक शब्द बोलत नाही. कानातून डोळ्यांत यायला वेळ लागतो. तो मिळाला तर येईल." मग खडूचा हात साडीला पुसत म्हणाल्या, "तो नाहीये. बाहेरून येणारा माणूस अर्धा तास बसणार आणि जाणार."

बाई मे महिन्यात उन्हातून घरोघर मुलं शोधत फिरतात. पहिलीला मूल द्या हो, पहिलीला मूल द्या. कॉटन ग्रीनच्या गोदामांपर्यंत जातात. ती बाई माझ्यासमोर उभी होती आणि तिच्या आवाजात तीच भीती होती जी माझ्या पोटात. दोन भ्यालेल्या बायका शाळेच्या दारात, वरून मिरचीचा धूर. आम्ही एकमेकींचे डोळे पुसायलाही हात लावू शकत नव्हतो, माझे हात तिखटाचे आणि तिचे खडूचे.

मला जे येतं ते मला पुडीच्या कागदाने दिलं. आता पुड्या प्लॅस्टिकच्या. पण गल्लीत पाट्या आहेत. प्रत्येक मिरचीच्या ढिगात पुठ्ठ्याची पाटी खोचलेली असते, मोठ्या अक्षरांत, बेडगी, गुंटूर, पांडी, काश्मिरी. मी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी पोरांना खाली नेलं. झालं काय, तर ती पाटीकडे बघेनातच! ढिगाकडे बघूनच ओरडायला लागली. गल्लीतलीच पोरं ती. सुरकुत्या दिसल्या की बेडगी. रोशनी तर भट्टीवाल्याची मुलगी, तिला लांबूनच कळायचं. इथेही तेच. पुस्तक लागत नाय.

मग मी दुकानदार बाबल्याला म्हटलं, "बाबल्या, पाट्यांची अदलाबदल कर."

"काकी, बरी आहेस ना? गिऱ्हाईक जोड्याने मारील माका."

"गिऱ्हाईक उठायचंय अजून. थोड्या वेळासाठी कर रे मेल्या."

तो पुटपुटत करत गेला. मी काही बघू शकत नव्हते, फक्त कुठल्या ढिगात कुठली पाटी ते त्याच्याकडून घोकून घेतलं. रोशनीला पुढे केलं. ती धाडकन म्हणाली, "बेडगी!" मी हात घातला, सुरकुतलेली मिरची, बरोबर. म्हटलं, "पाटी काय म्हणते?"

"बेडगीच असतली."

"बघ तरी."

धप धप डंक सुरू व्हायची वेळ झाली होती, पण अजून झाले नव्हते. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग अगदी बारीक आवाजात, जसं काही कुणी रागावेल, "काकी... ये तो 'ग' आहे. गु... गुं... टू..." आणि मग एकदम चिडून, "बाबल्याकाका, तुमची पाटी चुकली!"

बाबल्या हसला. मी नाही हसले. मी त्या ढिगात हात तसाच खुपसून उभी होते. दोन अक्षरं झाली होती, आणि तपासणी दारात होती.

उरलेल्या सकाळी आम्ही तेच केलं. कधी पाटी खरी, कधी खोटी, म्हणजे बघावंच लागे. संध्याकाळी बाईंनी आणलेली कुठले कुठले कागद. पण वाचन ऐकणं आता माझ्यासाठी शिक्षा झाली होती. तो आधीचा गोड, भरभर वाहणारा सूर गेला. आता नुसती ठेच. 'पा... पाऊ... नाही, पाय... पायरी.' प्रत्येक शब्दाला मला वाटायचं, ही रडणार. एकदा रोशनी म्हणालीच, "काकी, माका आधी येत होता. आता येत नाय." मी काय सांगणार? मी पण मनात तेच म्हणत होते. वाटायचं, आपण होतं तेही मोडलं का? पाठ म्हटलं असतं तर कदाचित खपून गेलं असतं.

तपासणीच्या सकाळी पोरं शाळेत जायच्या आधी माझ्याकडे आली. मी गाऱ्हाणं घातलं. आमच्या गावी काही मोठं कार्य असलं की देवासमोर एकाने मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या पोरांची परीक्षा आसा..." "होय म्हाराजा!" "त्येंच्या डोळ्यांक दिसूं दे, जिभेक वळूं दे..." "होय म्हाराजा!" "आणि ही शाळा आसा थंयच ऱ्हवांदे..." यादव, राठोड, नायडू, शेख सगळ्यांचं एका दमात, "होय म्हाराजा!" चाळ हलली. सगळ्यात मोठा आवाज रोशनीचा. मला वाटलं, देवा, हे असं एका सुरात म्हणायचं असतं तर ही पोरं जग जिंकली असती. पण आज एकेकट्याला म्हणायचंय.

मी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसले, पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने. वर्गाचं दार उघडं. आलेल्या मॅडम आवाजावरून तरुण वाटल्या, बोलायला मऊ. पण मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते. बोलता बोलता त्यांना ठसका लागला, मग शिंका.

"हे रोजच असं असतं का इथे?"

"सीझन आहे मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात. मॅडम शिंकत शिंकत हसल्या. म्हटलं, चला, माणूस आहे.

त्यांनी स्वतःबरोबर आणलेला कागद पुढे केला, पोरांनी कधी न बघितलेला. एकेक नाव. सई वाचली, दोनदा अडली. व्यंकटेश वाचला, जोडाक्षराला खोकल्याचं नाटक करून पुढे गेला, मी ओळखलं. मग, "रोशनी यादव."

काही नाही.

मी आयुष्यात पुष्कळ वाट बघितली आहे. महेशच्या वेळी दवाखान्यात, बाळंतपणं, ऑपरेशनं. पण त्या वर्गातली ती शांतता वेगळी होती. एका पोरीच्या तोंडात तिची शाळा, तिची आई, गाव, दादी, रस्ता, सगळं अडकलेलं होतं. मी पदर तोंडात धरला आणि त्याला लागलेलं तिखट ओठांना झोंबलं, तरी सोडला नाही. मनात म्हणत होते, पाठ म्हण गो, काहीतरी म्हण, 'सीझन आहे' म्हण, पण गप्प नको राहू.

"ए... का..." आवाज आला. "एका... गा... वात. एका गावात. ए... क..." थांबली. मॅडम काही बोलल्या नाहीत. "एक... वि... विही... विहीर... हो... ती."

एवढंच. दीड ओळ. मग एका शब्दावर अशी अडली की मॅडमनी "बस बाळा" म्हटलं. कागदावर पेन चाललेलं मला ऐकू आलं. काय लिहिलं ते त्यांना माहीत. मग त्यांनी विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता?" रोशनीचा आवाज एकदम मोकळा, "घर में भोजपुरी, शाळेत मराठी आणि काकीकडे मालवणी." वर्ग हसला. मॅडमचं हसू मला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर रोशनी माझ्या मांडीत डोकं खुपसून म्हणाली, "माका येक ओळच इली." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला सांगता येईना की त्या दीड ओळीत मी किती म्हातारी झाले.

त्यानंतरचे दिवस विचारू नका. काही कळलं नाही. उन्हाळा तसाच गेला. बाई मुलं शोधत फिरल्या, मसाला लोकांच्या बरण्यांत गेला, रामदुलारने गावच्या तिकिटाची चौकशी केली ती मी ऐकली. रोज सकाळी मी गॅलरीत बसून समोरच्या गेटचा आवाज ऐकायची. गेट लोखंडी, गंजलेलं, उघडलं की किंचाळतं. जूनमध्ये एका सकाळी ते किंचाळलं. मग घंटा. मग हजेरी. मी भिंतीला टेकून बसले होते. यादव रोशनी. "हजर!"

वाचली का शाळा? मला काय माहीत. कुणी सांगितलं त्या मॅडमनी चांगलं लिहिलं, कुणी म्हणतं वरच्या लोकांना वेळच झाला नाही. बाई म्हणाल्या, "यंदापुरती." मी तो शब्द धरून बसले आहे, यंदापुरती. भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखं. दिवाळीनंतर एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, भीत भीतच. आता दिसतं. पोरांच्या पुस्तकावर किती तेलाचे डाग आहेत ते दिसतं. रोशनीच्या पुढच्या दाताला मोडका कोपरा आहे हे मला माहीतच नव्हतं. समोरच्या शाळेची भिंत ओल धरून काळी झाली आहे तेही दिसतं, आणि वरच्या मजल्याच्या बंद खिडक्या. काही गोष्टी न दिसलेल्याच बऱ्या होत्या.

आता पुन्हा मिरची भाजायला घेतली आहे आणि बाई पुन्हा म्हणाल्या, तपासणी आहे म्हणतायत. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं, आणि त्या गेल्या वर्षीसारख्याच भांडं धरून बसल्या.

आज संध्याकाळी पोरं गॅलरीत बसली होती. यंदा दोन लहान नवी आहेत, पहिलीतली, बाईंनी गोदामांकडून शोधून आणलेली. रोशनी त्यांना वाचून दाखवत होती. आता ती चौथीत, बोट ओळीखाली, भुवया जवळ आलेल्या. मी फडक्यावर मिरच्या पसरून तिच्या बोटाकडे बघत होते. आणि लाईट गेली.

खाली ओरडा झाला. डंक थांबले. पंखे थांबले. गल्ली एकदम रिकामी झाल्यासारखी.

आणि वाचन थांबलं. एका शब्दाच्या मधोमध, चटकन, दोरा तुटावा तसं.

मी श्वास धरून ऐकत राहिले. एक अक्षर पुढे आलं नाही. काळोखात कुणीतरी नाक ओढलं, लहानांपैकी एक हसलं, मग रोशनीचा आवाज, वैतागलेला, "काकी, माका दिसत नाय गो."

मी हातातली मिरची फडक्यावर ठेवली. म्हटलं, "ऱ्हवांदे बाय. लाईट येऊंदे, मग वाच."